कानातला बोळा

१

मंगळवारी सकाळी बागेच्या माळ्याला कानात बोळा सापडला.

कान त्याचा नव्हे, बागेचा. पूर्वी जिथे टेलिफोन एक्स्चेंज होतं तिथे आता बाग होती. एक्स्चेंजमध्ये जन्मभर परक्यांचे आवाज एकमेकांना जोडून देणाऱ्या बायकांचं स्मारक म्हणून तिच्या एका टोकाला दोन पुरुष उंचीचा पितळी कान उभा केला होता. कानाच्या पाळीत एका माणसाला ऐसपैस बसता येईल अशी खोलगट जागा होती. बागेच्या दुसऱ्या टोकाला, हिरवळीपलीकडे, जमिनीतून एक पितळी कर्णा वर आला होता. दोघांमध्ये जमिनीखालून नळी. कर्ण्यात बोललं की कानात ऐकू यावं, अशी ती कल्पना. पहिल्या वर्षी मुलांनी त्यात ओरडून ओरडून उच्छाद मांडला. पुढे शेजारचा रस्ता खणला, नळीत कुठेतरी पाणी शिरलं आणि गेली नऊ वर्षं ती मुकी होती. निदान सगळे तसं धरून चालले होते.

कानाच्या आत, बसणाऱ्याच्या डोक्याशी, नळीचं मुठीएवढं तोंड होतं. ते कुणीतरी घट्ट बुजवलं होतं आणि वरून पुटी फिरवून गुळगुळीत केलं होतं. माळ्याने इमानाने उद्यान अधिकाऱ्याला कळवलं. अधिकारी आला, आणि त्याला माळ्याच्याच शेडमध्ये पुटीचा डबा मिळाला. ज्याने कळवलं तोच अडकला. कान धुवायचा कंटाळा आला म्हणून माळी वर्षभर कुरकुरत होता, हे सगळ्या बागेला ठाऊक होतं. शनिवारी समितीची बैठक होती. त्यात ठपका बसला की नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर बागेच्या कोपऱ्यातली खोलीही. त्या खोलीत त्याची बायको आणि अंथरुणाला खिळलेली आई होती.

कर्ण्याजवळच्या बाकावर रोज सकाळी आठला एक्स्चेंजमधली जुनी मंडळी जमायची. चौकशीबाई, म्हणजे तीस वर्षं चौकशीच्या खिडकीवर बसून गावाच्या शंकांना उत्तरं दिलेल्या. ट्रंकबाई, ज्यांनी लांबच्या गावांचे कॉल लावले आणि ज्यांचा आवाज अजून लांबच्या गावापर्यंत जातो. लाइनमन, बोलायला कमी आणि हाताने पक्के. आणि साहेब, म्हणजे त्या सर्वांचे सुपरवायझर. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी चहा आधी त्यांच्या हातात द्यावा अशी त्यांची अपेक्षा असे.

"आपल्या गावाला स्मारकं सोसतच नाहीत," ट्रंकबाई बसता बसता म्हणाल्या. "स्टेशनबाहेर ती लोखंडी सुटकेस उभी केली, गाव सोडून गेलेल्यांची आठवण म्हणून. आठवड्यातून एकदा कुणीतरी ती बेवारस म्हणून पोलिसांना कळवतंच."

"परवा एका शिपायाने तिला विचारलं म्हणे, तुझा मालक कोण," चौकशीबाई म्हणाल्या.

"आणि वाचनालयासमोरचा तो अर्धा जिना," साहेब म्हणाले. "मी एकदा चढलो होतो."

"मग?"

"मग उतरलो."

ट्रंकबाईंनी हसत हसत आपली जाडजूड कापडी पिशवी कर्ण्याला अडकवली. गेले तीन महिने यावरून रोज त्यांची लाइनमनशी जुंपायची. स्मारक आहे ते, खुंटी नाही, असं म्हणत लाइनमन पिशवी काढून त्यांच्या मांडीवर ठेवायचे. आज सगळ्यांचं लक्ष समोरच्या कानाकडे होतं, त्यामुळे पिशवी बिनबोभाट लटकली.

"वेळबाई नाही आली?" साहेबांनी विचारलं.

"सर्दी झालीय म्हणे. काल संध्याकाळी निरोप आला," ट्रंकबाई म्हणाल्या आणि चौकशीबाईंकडे बघून त्यांना हसू फुटलं. "ए, काल काय बोललीस गं तू तिच्याबद्दल. मी घरी जाऊन सुनेला सांगितलं. 'बसू दे तिला तिकडेच. इथे आली की प्रत्येक विनोद दोनदा सांगावा लागतो, आणि दुसऱ्यांदा सांगितला की मरतो.'"

साहेब पुन्हा हसले. चौकशीबाईही हसल्या. चांगलं वाक्य जमलं की त्यांना दिवसभर बरं वाटे. पूर्वी फोनवर गावाला वेळ सांगणाऱ्या वेळबाईंना वर्षभरात ऐकू येणं फार कमी झालं होतं आणि गेले तीन महिने त्या बाकावर न बसता कानाच्या पाळीत जाऊन बसत. तिकडे ऊन कमी लागतं, असं त्यांनी सांगितलं होतं.

तेवढ्यात माळी हिरवळ तुडवत आला. त्याने स्वतःच लावलेली 'हिरवळीवरून चालू नये' ही पाटीही त्याला दिसली नाही.

"बाई," तो चौकशीबाईंना म्हणाला, "तुम्ही चौकशीवर होता ना. एवढी एक चौकशी करा. मी नाही केलं हो."

२

शेडमध्ये माळ्याने त्यांना उलटी बादली बसायला दिली.

"पुटी माझीच आहे," तो म्हणाला. "खिडकीच्या काचा बसवतोय. डबा दाराशीच असतो, कुणीही बोट घालावं."

"काल संध्याकाळी कान बरा होता?"

"फाटक लावताना पाहिला. मोकळा होता. आज सहाला उघडलं, सातला पानं झाडायला गेलो तर हे असं."

"सहा ते सातमध्ये बागेत कोण कोण होतं?"

माळ्याने बोटांवर मोजत आठवलं. "चालायला येणारी दहा-बारा डोकी, ती कानाकडे फिरकत नाहीत. साहेब आले होते, सूचनापेटीत चिठ्ठी टाकायला. शिल्पकार आले होते, टेप घेऊन काहीतरी मोजत होते. आणि लाइनमन, ते तर रोजच सहाला असतात."

"वेळबाई?"

"नाही. त्या तुमच्याबरोबरच येतात ना, आठला. कानात बसतात, हसतात, दहाला उठून जातात."

"हसतात?"

"खुदुखुदु. खांदे हलतात. मला आधी वाटलं फोनवर बोलतात, पण हातात काही नसतं." माळ्याने डोक्याशी बोट फिरवलं आणि लगेच ओशाळून खाली घेतलं.

चौकशीबाईंना यात नवल वाटलं नाही. बाकावरून त्यांनीही ते पाहिलं होतं. साहेब तर म्हणायचे, वेळबाईंना झोपेत चांगली स्वप्नं पडतात.

त्या कानापाशी गेल्या. खाली पितळी पाटी होती. तिच्यावर सात ऑपरेटर बायकांची नावं आणि खाली एक ओळ: 'जोडून दिलं आणि कान काढून घेतला.' एक्स्चेंजमधला पहिला नियम तो. दोन माणसं बोलू लागली की तिसरीने ऐकायचं नाही. जी ऐकते ती ऑपरेटर नव्हे, चोर. या एका कारणावरून साहेबांनी एकीला कामावरून काढलं होतं आणि नंतर कुणीही तिच्याशी बोललं नव्हतं. चौकशीबाईसुद्धा नाहीत.

त्यांनी पाळीत चढून बोळ्यावरून बोट फिरवलं. कड सारखी, पुटी एकसमान, शेवटचा हात अंगठ्याचा. खोडसाळ पोरं च्युइंगम चिकटवतात, चिखल कोंबतात. हे काम मन लावून केलेलं होतं. आणि माळ्याने आपल्या खिडकीला लावलेली पुटी त्यांनी आत्ताच पाहिली होती. ती कशीबशी थापलेली होती.

"माळीदादा," त्या उतरत म्हणाल्या, "ही नळी नऊ वर्षं बंद आहे ना?"

"हो. तक्रारवहीत आहे तसं."

"मग बंद नळीला बूच कशासाठी मारलं असेल?"



३

साहेब घरी वर्तमानपत्राची घडी घालत होते. घडी चुकली की पुन्हा उलगडून घालत.

"साहेब, रागावू नका. पण कान हटवावा म्हणून तुम्ही नगरपालिकेला किती पत्रं लिहिलीत?"

"अकरा. सूचनापेटीतली धरून बारा." साहेबांना यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. "सात बायकांची नावं कोरली. त्या सातजणींना शिस्त कुणी लावली? पाटीवरची ती ओळसुद्धा माझी आहे. माझं नाव कुठे आहे?"

"म्हणून बोळा घातलात?"

साहेब खरोखर दुखावले. "बाई, मला कान बंद करायचा असता तर मी रीतसर अर्ज केला असता."

हे इतकं खरं होतं की चौकशीबाईंनी साहेबांचं नाव तिथल्या तिथे मनातून खोडलं.

शिल्पकाराचं काम गोदामात चाले. बुधवारी दुपारी तो एका प्रचंड चपलेच्या अंगठ्यावर बसून घासत होता. ती नव्या बसस्थानकासमोर लागायची होती. तिची जोडीदार दुसऱ्या शहराने मागवली होती, आणि तो खुशीत होता.

"टेप घेऊन आलो होतो खरा," तो म्हणाला. "कानाला छप्पर करा म्हणते समिती. कानाला टोपी घालायला निघालेत. पण बोळा मी कशाला घालीन? माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ती नळी आहे. लोक बाहेरचं पितळ बघतात, पण खरी कारागिरी आत आहे. कर्ण्याजवळ नुसतं कुजबुजलात तरी कानात बसलेल्याला शेजारी बसल्यासारखं ऐकू येतं. कर्ण्यात तोंड घालायचीही गरज नाही. बाकावर बसून बोललं तरी पुरे."

"बाकावर बसून?"

"बाक तिथे उगाच ठेवलाय का?"

"पण आता ती बंद आहे."

शिल्पकाराने घासणं थांबवलं. "तेच मी तुम्हाला विचारणार होतो. कर्ण्याच्या बुडाशी पाणी काढायचं एक झाकण आहे. ते आहे हे मला ठाऊक आणि बसवणाऱ्यांना ठाऊक. नऊ वर्षांत नगरपालिकेने ते उघडलं नाही. काल मी वाकून पाहिलं. झाकणाचे चारही स्क्रू नवे आहेत."

४

गुरुवारी सव्वाआठला चौकशीबाई बाकावर गेल्याच नाहीत. मागच्या फाटकाने येऊन त्या थेट कानाकडे गेल्या. माळ्याने पातळ पातं कडेने फिरवून बोळा सोडवला.

पुटीच्या मागे तागाची वेणी होती. तीन पदरी, डांबरात बुडवलेली, गोल गुंडाळून आत ठासलेली. असली वेणी त्यांनी पाहिली होती. कुठे, ते आठवेपर्यंत माळी म्हणाला, "बसून बघा की आत."

त्या वेळबाईंच्या जागेवर बसल्या. जागा घासून चकचकीत झाली होती. समोर हिरवळीपलीकडे बाक दिसत होता. ट्रंकबाईंचे हात हवेत हलत होते, साहेब मान डोलवत होते. आवाज मात्र रजईखालून आल्यासारखा येत होता. शब्द कळत नव्हते.

मग ट्रंकबाईंनी थर्मास काढण्यासाठी कर्ण्यावरची पिशवी उचलली.

"...आज कुठे उलथलीय कोण जाणे," ट्रंकबाई चौकशीबाईंच्या कानाशी म्हणाल्या. त्या दचकून बाजूला सरकल्या. बाजूला कुणी नव्हतं.

"तपास चाललाय," साहेबांचा आवाज. "परवा माझी उलटतपासणी झाली."

"अहो, घरी विचारणारं कुणी नाही, म्हणून बाहेर सगळ्यांना विचारत सुटते बिचारी. दूधवाल्यालासुद्धा 'कोण बोलतंय' विचारल्याशिवाय दार उघडत नाही."

साहेब हसले. चहा ओतल्याचा आवाजही स्पष्ट आला.

"माणूस समोर नसलं की आपण फार बोलतो," लाइनमन हळूच म्हणाले.

"हा कधीपासून शहाणा झाला?" ट्रंकबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी पुन्हा कर्ण्याला अडकवली. आवाज रजईखाली गेला. लाइनमन पिशवीकडे बघत नुसते बसून राहिले.

चौकशीबाईंना 'बिचारी' हा शब्द चांगलाच लागला. ट्रंकबाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. तरी लागला. तो शब्द जिथे लागला तिथे हात धरून त्या बसल्या असताना त्यांना सोमवार आठवला. सोमवारी पिशवी कर्ण्यावर नव्हती. लाइनमननी ती भांडून काढली होती. मग त्यांचं स्वतःचं ते विनोद मरण्याचं वाक्य झालं होतं, सगळे खूप हसले होते, आणि हसता हसता त्यांनी सहज समोर पाहिलं होतं.

कानातल्या वेळबाईंचे खांदे त्या दिवशी हलत नव्हते.

५

लाइनमनच्या खोलीत टेबलावर एक रेडिओ उघडा पडला होता. चौकशीबाईंनी त्याच्या शेजारी डांबरी वेणी ठेवली.

"चहा घेणार, बाई?"

"नंतर. एक्स्चेंजच्या तळघरात केबल भिंतीतून आत यायच्या, तिथे तुम्ही असेच बोळे बसवायचात. पाणी आणि उंदीर येऊ नयेत म्हणून. तीन पदर, डांबर, वरून अंगठ्याने पुटी. मी डबा खायला तिथे येऊन बसायचे, तेव्हा बघायचे."

लाइनमननी वेणी उचलून पाहिली. "चिंधी कोंबली असती तरी चाललं असतं. पण हाताला सवय."

"झाकणही तुम्ही उघडलंत. तीन महिन्यांपूर्वी. त्यानंतर तुम्हाला स्मारकाचा एकदम पुळका आला आणि पिशवीवरून भांडणं सुरू झाली. पिशवी असली की तिकडे ऐकू येत नाही. मंगळवारी पिशवी लटकली आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. आम्हाला वाटलं, गडबडीत विसरलात. पण आता पिशवी असली काय नि नसली काय, सारखंच होतं." त्यांनी श्वास घेतला. "फक्त एक कळलं नाही. नळी उघडून तुम्ही दिलीत. मग बंद का केलीत?"

लाइनमननी रेडिओची एक तार सरळ केली.

"त्यांनी सांगितलं म्हणून. उघडायलाही त्यांनीच सांगितलं होतं. एकदा जाताना म्हणाल्या, तुम्ही सगळे बोलता आणि मला नुसते ओठ हललेले दिसतात. कानात यंत्र घातलं तर पानांची सळसळ आणि रस्त्यावरचे भोंगेच मोठे होतात, म्हणाल्या. मी म्हटलं, सगळ्यांना सांगू, जरा सावकाश बोलतील. नको म्हणाल्या. त्यांनी एकदा 'काय?' असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, 'काही नाही, सोड.'"

चौकशीबाईंना ते आठवेना. म्हणजे एकदाच नसावं. अनेकदा म्हटलं असावं, म्हणूनच आठवत नसावं.

"त्या नळीतून त्यांना सगळं ऐकू यायचं हो. तीन महिने त्या तुमच्यातच होत्या. सोमवारी मी पण हसलो, बाई. हसून झाल्यावर लक्षात आलं की पिशवी माझ्या हाताने काढलेली आहे." लाइनमननी डोळे पुसले, मग फडक्याने बोटंही पुसली. "संध्याकाळी घरी आल्या. जशी उघडून दिलीत तशी बंद करून द्या, म्हणाल्या. मी म्हटलं, बंद कशाला करायची, तिकडे बसू नका म्हणजे झालं. तर म्हणाल्या, उघडी राहिली तर मी जाऊन बसेन."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"शनिवारी सांगाल हे?" चौकशीबाईंनी विचारलं. "माळ्याची खोली जाईल."

"माझं नाव सांगेन. पण का केलं ते विचारतील, नळी चालू कशाला केली ते विचारतील. साहेब तिथे असणार. तीन महिने लाइनवर कान लावून बसली, असं होईल ना ते. त्यांनी जन्मभर लोकांना वेळ सांगितली, एकदाही कुणाचं चोरून ऐकलं नाही. याच गोष्टीने त्यांचा जीव कासावीस झालाय. ऐकायला मिळालं ते वाईट होतं, आणि ते चोरून ऐकलेलं होतं. रडायचीसुद्धा सोय नाही राहिली त्यांना. मी शब्द दिलाय, बाई."

चौकशीबाई उठल्या. तीस वर्षं त्यांनी विचारलेल्याला उत्तर दिलं होतं. या वेळी उत्तर सापडलं होतं आणि ते कुणालाच देता येत नव्हतं.

६

शनिवारी समितीच्या खोलीत अधिकाऱ्याने फॉर्म पुढे ओढला आणि माळ्याचं नाव लिहायला घेतलं.

"ते खोडा," चौकशीबाई म्हणाल्या. "बोळा माझा आहे."

ट्रंकबाई आणि साहेब माळ्याच्या बाजूने बोलायला आले होते. दोघं एकदम त्यांच्याकडे वळले. मागे लाइनमन खुर्चीवरून उठू लागले.

"तुम्ही बसा," चौकशीबाई मागे न बघता म्हणाल्या. "माळ्याच्या डब्यातली पुटी, आत डांबरी ताग, तीन पदरी. बोळा काढलाही मीच, गुरुवारी. माळ्याचा काही संबंध नाही."

अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. असं पांढऱ्या केसांचं, इस्त्रीच्या कपड्यातलं गुन्हेगार माणूस त्याच्या फॉर्मवर यापूर्वी आलं नव्हतं. "कारण?" त्याने विचारलं. "इथे कारणाचा रकाना आहे."

"बोलण्यात चूक झाली."

"म्हणजे नळीत काही बिघाड?"

"नाही. नळी चांगली आहे."

त्याने तेच लिहिलं. बागेच्या फलकावर महिनाभर लेखी माफीनामा, आणि कान स्वतःच्या हाताने स्वच्छ करून देणं, एवढ्यावर ते मिटलं. माळी दारात हात जोडून उभा राहिला आणि चौकशीबाईंना त्याच्याकडे बघवेना.

पायऱ्या उतरताना ट्रंकबाईंनी त्यांचा दंड धरला. "अगं, तू? कशाला पण? काय झालं तरी काय?"

"काही नाही, सोड," चौकशीबाई म्हणाल्या. आपण काय बोललो ते त्यांना पुढच्या पायरीवर ऐकू आलं, आणि त्या कठडा धरून थांबल्या.

तिथून त्या तडक वेळबाईंच्या घरी गेल्या. वेळबाईंनी दार उघडलं तेव्हा सर्दीचं नाव नव्हतं. भिंतीवर मोठं लंबकाचं घड्याळ होतं. पूर्वी गावातून फोन लावला की घड्याळ बघून वेळ सांगायचा तो आवाज यांचा. नंतर यंत्र आलं, त्यातही यांचाच आवाज भरला. आता टिकटिक ऐकू येत नसल्यामुळे जाता येता त्या घड्याळाच्या लाकडावर तळवा ठेवून ते चालू आहे ना, हे पाहत. आत्ताही त्यांनी आधी तळवा ठेवला, मग पाहुणीला खुर्ची दाखवली.

चौकशीबाई बसल्या नाहीत. "सोमवारी मी जे बोलले ते नीच होतं. माझं चुकलं."

"काय?"

"सोमवारी बोलले ते नीच होतं. माझं चुकलं," त्या मोठ्याने म्हणाल्या.

वेळबाईंनी कानामागे हात धरला. "काय?"

"माझं चुकलं," चौकशीबाई ओरडल्या. समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं, वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. "तू ऐकतेयस हे माहीत असतं तर बोलले नसते असं नाही म्हणत मी. तू नसतीस ऐकत तरी ते नीचच होतं. चुकलं माझं."

वेळबाई खुर्चीत बसल्या.

"पहिल्या वेळेलाच कळलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "ओठ वाचता येतात थोडे. पण तुझ्याकडून एखादी गोष्ट तीनदा ऐकायची होती."

चौकशीबाई एक पाऊल पुढे आल्या. "नळी उघडलीय. लाइनमन पिशवी लटकू देणार नाहीत. नाहीतर बाकावर ये, माझ्या शेजारी. मी सगळं सांगेन तुला, हवं तितक्यांदा. उद्या येशील?"

वेळबाईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"काय?" त्या म्हणाल्या.

या 'काय' मध्ये किती ऐकू न येणं होतं आणि किती दुसरंच काही होतं, ते चौकशीबाईंना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. वेळबाई घड्याळाकडे वळल्या.

"अकरा वाजून बावीस मिनिटं," त्या म्हणाल्या. त्यांचा तो जुना आवाज होता, स्वच्छ, कुणाचाही नसलेला. "तुला उशीर होतोय."

७

रविवारी चौकशीबाईंनी साबणाच्या पाण्याने कान धुतला, पाळीतली जागा कोरडी केली आणि आठला बाकावर येऊन बसल्या. लाइनमननी काही न बोलता ट्रंकबाईंची पिशवी कर्ण्यावरून काढली. ट्रंकबाईंनी या वेळी वाद घातला नाही. कालपासून त्या चौकशीबाईंशी जरा जपूनच वागत होत्या.

थोड्या वेळाने त्यांना राहवलं नाही. "ऐकलंत का? स्टेशनवरच्या सुटकेसला काल कुणीतरी साखळी घालून कुलूप लावलंय. चोरीला जाईल म्हणून. आणि किल्ली पोलीस ठाण्यात जमा केलीय, वर चिठ्ठी, मालक आला की द्यावी."

साहेब हसले. ट्रंकबाई स्वतःच्याच गोष्टीवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. लाइनमन आणि चौकशीबाई समोर बघत होते. हिरवळीपलीकडे धुतलेला कान उन्हात चकाकत होता आणि पाळीत कुणी नव्हतं. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला.

चौकशीबाई कर्ण्याकडे सरकल्या आणि त्यांनी तोंड जवळ नेलं.

"स्टेशनवरच्या सुटकेसला," त्या सावकाश म्हणाल्या, "काल कुणीतरी कुलूप लावलंय."

"अगं, कुणाला सांगतेस?" ट्रंकबाई म्हणाल्या. "तिकडे कुणी नाहीये. आणि आत्ताच तर सांगून झालं."

"माहीत आहे," चौकशीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची किल्लीची गोष्टही सगळी सांगितली.